अभ्यागत वैद्य : विद्यापीठांतील तात्पुरत्या नियुक्त्या, त्यांचे नियम आणि आपली जबाबदारी

काही वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात आम्हांस दोन महाविद्यालयांकडून दोन निमंत्रणे आली. पहिले तोंडी होते. आमचे नाव अध्यापकांच्या यादीत लागेल, दरमहा ठरावीक रक्कम खात्यात जमा होईल, तपासणीच्या दिवशी मात्र पांढरा कोट घालून उपस्थित राहावे लागेल, असा त्याचा आशय होता. वर्ग कोणता, विषय कोणता, विद्यार्थी किती, याचा उल्लेख त्यात नव्हता. दुसरे निमंत्रण पत्राने आले. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी स्नेहकल्पनेची सहा प्रात्यक्षिके घ्यावीत, प्रत्येक प्रात्यक्षिकास प्रवासखर्च व अल्प मानधन मिळेल, द्रव्ये व इंधन महाविद्यालय पुरवील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पहिल्यात पैसा होता, काम नव्हते. दुसऱ्यात काम होते, पैसा नावापुरता होता. आम्ही पहिले नाकारले व दुसरे स्वीकारले.

ही दोन निमंत्रणे आम्ही अनेकदा मनात शेजारी ठेवून पाहिली आहेत. दोन्हींत बाहेरच्या वैद्याला शिक्षणसंस्थेत तात्पुरते स्थान देऊ केले होते. एकाने विद्यार्थ्यास काहीतरी मिळणार होते, दुसऱ्याने त्याच्याकडून काहीतरी हिरावले जाणार होते. बाहेरील विद्वान, संशोधक व व्यावसायिक यांना विद्यापीठांत ठरावीक मुदतीसाठी नेमण्याची पद्धत आता शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत आली आहे. आपल्यापैकी अनेकांना अशी निमंत्रणे येतील. यास्तव या नियुक्त्यांचे प्रकार, त्यांचे नियम व त्यांतील धोके यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैद्य आणि वर्ग यांत अंतर कसे पडले?

महाराष्ट्रातील आयुर्वेद महाविद्यालयांचा प्रारंभ पाहिला तर तेथे 'बाहेरचा वैद्य' ही कल्पनाच दिसत नाही. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे महाविद्यालय स्थापिले, ते स्वतः चिकित्सक होते. पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयाच्या (१९३३) आरंभकाळाशी वैद्य पुरुषोत्तमशास्त्री नानल यांचे नाव निगडित आहे. त्यांचाही लौकिक मुळात चिकित्सक म्हणूनच होता. सकाळी रुग्ण तपासणारा वैद्य दुपारी वर्गात संहिता शिकवीत असे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असलेल्या चरक व सुश्रुत संहितांच्या सटीक आवृत्त्यांचे संपादन ज्यांनी केले, ते वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य हे मुंबईत चिकित्सा करीत. त्या आवृत्त्या मुंबईच्याच निर्णयसागर मुद्रणालयातून निघाल्या. संशोधन, अध्यापन व चिकित्सा ही तीन कामे तीन स्वतंत्र पदांत विभागली जाण्यापूर्वीचा तो काळ होता.

पुढे १९७० च्या अधिनियमाने केंद्रीय परिषद अस्तित्वात आली. अभ्यासक्रम देशभर एकसारखा झाला, अध्यापकांसाठी त्या त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली, वेतनश्रेणी व पदोन्नतीचे नियम आले. परिषदेच्या जागी भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला. त्यासाठीच्या २०२० च्या अधिनियमात अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर वैद्यांसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तरतूद करण्यात आली. हे सारे आवश्यकच होते. पात्रतेचा किमान दंडक नसता तर शिक्षणाचा दर्जा व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहिला असता.

परंतु या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की, आमच्यासारखा केवळ पदवीधर वैद्य, त्याने पंचवीस वर्षे पंचकर्म केले असले तरी, नियमित अध्यापक होऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूस, पदवी मिळताच पदव्युत्तर शिक्षण व पदव्युत्तर शिक्षण संपताच अध्यापन असा प्रवास केलेल्या तरुण अध्यापकास स्वतःचा रुग्णवर्ग उभा करण्याची संधी फारशी मिळत नाही. एकाकडे अनुभव आहे पण वर्ग नाही, दुसऱ्याकडे वर्ग आहे पण अनुभव अपुरा आहे. तात्पुरत्या नियुक्तीचे प्रयोजन या दोघांना एकत्र आणणे हेच होय.

शास्त्रकारांची भूमिका

हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या व गुरे राखणारे आणि वनात राहणारे लोक जाणतात, असे सांगितले आहे. सुश्रुतानेही असाच मार्ग दाखविला आहे. म्हणजे ज्याच्यापाशी प्रत्यक्ष ज्ञान आहे त्याच्याकडे जाऊन ते घ्यावे, तो आचार्य आहे की नाही हे पाहू नये. मात्र चरक तेथेच थांबत नाही. केवळ नाव व रूप जाणल्याने औषधी कळली असे होत नाही. देश, काल व पुरुष पाहून तिची योजना ज्याला कळते तोच खरा जाणकार, असेही तो लगेच सांगतो.

या दोन विधानांत आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. बाहेरच्या जाणकाराला मान आहे आणि मर्यादाही आहे. तो एक अंग पुरवितो. संपूर्ण विद्यार्थी घडविण्याची जबाबदारी मात्र आचार्याचीच राहते. विमानस्थानातील तद्विद्यसंभाषेचा विचारही याच दिशेने नेतो. समान विद्या जाणणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावे, त्याने ज्ञान वाढते व संशय फिटतो. अभ्यागत वैद्य व नियमित अध्यापक यांचे नाते असे संभाषेचे असावे. एकाने दुसऱ्याची जागा भरणे हा त्या नात्याचा हेतू नव्हे.

पदांची नावे आणि त्यांचे अर्थ

या नियुक्त्यांना निरनिराळी नावे आहेत व त्यांचा वापर पुष्कळदा सैलपणे होतो. निमंत्रणपत्रात कोणते नाव आहे यावर अधिकार, मुदत व मानधन अवलंबून असते. म्हणून त्यांतील भेद लक्षात ठेवावा.

१) तासिका तत्त्वावरील अध्यापक : रिक्त नियमित पदाचे काम तासांच्या हिशेबाने करून घेतले जाते. हा बाहेरील विद्वानाचा गौरव नव्हे, ती तात्पुरती सोय आहे. पदाची शैक्षणिक अर्हता येथेही पाहिली जाते.

२) अतिथी व्याख्याता : एखादे व्याख्यान, एखादे प्रात्यक्षिक किंवा छोटी मालिका यांसाठी बोलावलेली व्यक्ती. नियुक्ती कामापुरती असते, पद निर्माण होत नाही.

३) अभ्यागत प्राध्यापक : सामान्यतः दुसऱ्या विद्यापीठातील वा संशोधनसंस्थेतील विद्वान, जो एखादे सत्र किंवा वर्ष येथे येऊन शिकवितो. त्याचे मूळ पद स्वतःच्या संस्थेत कायम असते.

४) संलग्न प्राध्यापक : उद्योग, व्यापार, शेती, समाजकार्य, संस्कृती अशा क्षेत्रांतील व्यक्ती, जी आपला व्यवसाय चालू ठेवून विद्यापीठाशी सहयोगाच्या काळापुरती जोडली जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये या पदाची व्याख्या दिलेली आहे. आपल्या बहुतांश महाविद्यालयांचे संलग्नीकरण मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आहे व त्या विद्यापीठाचा अधिनियम वेगळा, १९९८ चा आहे. अभिमत विद्यापीठांची व्यवस्था आणखी निराळी. त्यामुळे एका विद्यापीठाचा नियम दुसऱ्यास आपोआप लागू होतो असे समजू नये.

५) निवृत्त सन्माननीय प्राध्यापक : त्याच संस्थेतून निवृत्त झालेल्या विद्वानास दिलेला सन्मान. बाहेरच्या व्यक्तीचा येथे संबंध नाही.

६) प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस : व्यवसायातील दीर्घ अनुभवाच्या बळावर नेमलेला प्राध्यापक. हे नाव आपल्याकडे नवे असल्याने त्याचा विस्ताराने विचार करू.

२०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या नियुक्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील मुख्य मुद्दे असे आहेत. उमेदवारास आपल्या व्यवसायात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरील अनुभव असावा. व्यवसायातील कामगिरी उत्तम असेल तर औपचारिक शैक्षणिक अर्हता अत्यावश्यक नाही. शोधनिबंधांची अटही अशा व्यक्तीसाठी आड येत नाही. अध्यापनाच्या व्यवसायात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तीस मात्र हे पद खुले नाही. हेतू स्पष्ट आहे. निवृत्त अध्यापकांची सोय लावणे हा नव्हे, तर बाहेरचे ज्ञान आत आणणे हा तो हेतू आहे.

संख्येची मर्यादा मंजूर पदांच्या १० टक्के आहे. प्रथम नियुक्ती जास्तीत जास्त एका वर्षासाठी, एकूण मुदत ३ वर्षे, अपवादात्मक प्रसंगी आणखी एक वर्ष. कोणत्याही परिस्थितीत ४ वर्षांपेक्षा अधिक नाही. खर्चाच्या दृष्टीने तीन प्रकार आहेत : उद्योगाने पुरविलेल्या निधीतून, संस्थेच्या स्वतःच्या साधनांतून आणि मानद. कुलगुरू नामांकने मागवितात, संस्थेतील दोन ज्येष्ठ प्राध्यापक व बाहेरील एक नामवंत सदस्य यांची समिती ती पाहते आणि विद्यापीठाच्या अधिकार मंडळांकडे शिफारस जाते.

सर्वांत महत्त्वाची अट शेवटी सांगतो. ही नियुक्ती मंजूर पदांच्या व्यतिरिक्त असते. तिच्यामुळे मंजूर पदे कमी होत नाहीत व नियमित भरतीवर परिणाम होता कामा नये. ही एक अट पाळली तर योजना उपकारक आहे. ती मोडली तर उरते ते रिकाम्या खुर्चीवर टाकलेले उंची वस्त्र.

आयोगाने ज्या व्यवसायांची नावे दिली आहेत त्यांत अभियांत्रिकी, विज्ञान, व्यवस्थापन, सनदी लेखापाल, माध्यमे, साहित्य, ललितकला, नागरी सेवा, सशस्त्र दले, विधी इत्यादी आहेत. वैद्यक व्यवसायाचा स्वतंत्र उल्लेख नसला तरी यादी खुली ठेवलेली आहे. आयुर्वेद महाविद्यालयांच्या बाबतीत एक भान सदैव ठेवावे : नियमित अध्यापकांची किमान संख्या व अर्हता भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या विनियमांनुसार ठरते. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस हे नाव दिल्याने कोणी त्या संख्येत मोजला जाण्यास पात्र होत नाही. जी संस्था असे मोजू पाहील ती स्वतःची व त्या वैद्याची, दोघांची फसवणूक करील.

तीन दिशांची उदाहरणे

तात्पुरत्या ज्ञानसंबंधातून काय साध्य होते याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

पहिले उदाहरण विद्यार्थी वैद्याकडे जाण्याचे. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरुशिष्य परंपरेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पदवीधर वा पदव्युत्तर शिष्य एक वर्ष अनुभवी गुरूच्या सान्निध्यात, त्याच्याच चिकित्सालयात राहून शिकतो. शिष्यास विद्यावेतन व गुरूस मानधन मिळते. येथे गुरूला वर्गात आणण्याऐवजी शिष्याला गुरूकडे नेले जाते. रुग्ण जेथे आहेत तेथेच शिकवावे, हे त्यामागचे तत्त्व महाविद्यालयांनीही ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण अन्य शास्त्रातील विद्वानाने आयुर्वेदाकडे येण्याचे. हृदयशल्यविशारद डॉ. मा. सं. वलियाथन यांनी कुलगुरुपदावरून निवृत्त झाल्यानंतर चरकाचा अभ्यास हाती घेतला. त्यासाठी ते केरळातील वैद्य राघवन तिरुमुल्पाड यांच्याकडे शिष्यभावाने गेले. त्या अध्ययनातून २००३ साली चरकावरील आणि पुढे सुश्रुत व वाग्भट यांवरील त्यांचे ग्रंथ सिद्ध झाले. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मुदतीचा सन्मानही त्यांना लाभला. २०२४ साली त्यांचे निधन झाले. बाहेरचा विद्वान कसा असावा, याचा हा आदर्श आहे. त्याने प्रथम शिकले, मग लिहिले. आपल्या शास्त्राची कसोटी दुसऱ्यावर लादण्यापूर्वी ते शास्त्र त्याच्याच भाषेत समजून घेतले.

तिसरे उदाहरण आपल्या वैद्यांनी बाहेर जाण्याचे. आयुष मंत्रालयाच्या पुढाकाराने परदेशी विद्यापीठांत आयुर्वेदाची अध्यासने निर्माण झाली. हंगेरीतील देब्रेत्सेन विद्यापीठ हे त्यांपैकी एक. ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न सिडनी विद्यापीठाच्या अध्यासनावर २०२२ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातील कौमारभृत्य विभागाच्या अध्यापकांची तीन वर्षांसाठी निवड झाली. येथे यजमान कोण, निधी कोणाचा, मुदत किती आणि काम कोणते, हे दोन संस्थांतील करारात आधी लिहिले जाते. परदेशी जाताना आपण जी शिस्त पाळतो ती तालुक्याच्या महाविद्यालयात जाताना का पाळू नये, असा प्रश्न आम्हांस पडतो.

वर्गात आपण काय देऊ शकतो?

दुसऱ्या निमंत्रणाची हकीकत येथे पुरी करतो. पहिल्या प्रात्यक्षिकास आम्ही तैलपाक ठेवला. मृदु, मध्य व खर पाकांची लक्षणे सर्व विद्यार्थ्यांना मुखोद्गत होती. तेल सिद्ध होताना फेस येतो व तुपाचा फेस शमतो, हेही त्यांनी म्हणून दाखविले. पण पातेल्यात पहिल्या तासात पाण्याच्या अंशामुळे जो बुडबुड्यांचा थर आला, तो पाहून निम्म्या विद्यार्थ्यांनी पाक झाल्याचे जाहीर केले. कल्क बोटांत वळून त्याची वात होते का हे पाहावे, ती अग्नीवर धरून चटचट आवाज होतो का ते ऐकावे, मग फेसाकडे बघावे, हा क्रम त्यांना श्लोकाने दिला होता, हाताने दिला नव्हता. सहाव्या प्रात्यक्षिकापर्यंत त्यांचे कान व बोटे तयार झाली. विषयाच्या अध्यापिका आमच्याहून शास्त्रात अधिक अधिकारी होत्या. त्यांनी प्रत्येक टप्प्यावर टीकाकारांची मते सांगितली व त्यांतली दोन आम्हांलाही नवी होती. अभ्यागत व अध्यापक यांनी एकाच पातेल्याशेजारी उभे राहावे ते असे.

औषधनिर्माते बंधू याहूनही अधिक देऊ शकतात. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्याने अशोकाची साल पुस्तकात पाहिलेली असते. बाजारात आसुपालवाची साल त्याच नावाने येते, हे ज्याने पोती परत पाठविली आहेत त्यालाच नेमके ठाऊक असते. रास्ना म्हणून उत्तरेत एक व दक्षिणेत दुसरे द्रव्य चालते. नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या विकल्या जातात. कच्चा माल स्वीकारण्याची व नाकारण्याची ही विद्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पुरती येत नाही. निर्मितीशाळेतील दोन दिवस विद्यार्थ्याला ती देऊ शकतात.

औषधनिर्मात्यांसाठी दोन सावधानतेच्या सूचना

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७ अन्वये निर्मितीवर देखरेख करणाऱ्या तांत्रिक व्यक्तींच्या अर्हता सांगितल्या गेल्या. त्यांत पदवीधरांबरोबर, निर्मितीचा किमान ४ वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत वैद्यासही स्थान देण्यात आले. अनुभव हा अर्हतेचा भाग असू शकतो, हे तत्त्व आपल्या क्षेत्रात कायद्याने पूर्वीच मान्य केले आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु त्याच नियमाने अशी व्यक्ती पूर्णवेळ सेवेत असणे अपेक्षिले आहे. आपल्या परवान्यावर ज्यांचे नाव आहे तेच वैद्य एखाद्या महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापक म्हणून दाखविले गेले, तर दोन्ही ठिकाणची कागदपत्रे परस्परांना खोटी ठरवितात. परवाना अडचणीत येतो तो निर्मात्याचा. म्हणून आपल्या तांत्रिक तज्ज्ञास व्याख्यानासाठी पाठविताना लेखी संमती द्यावी, तास व वार नमूद करावेत व त्याची प्रत जपून ठेवावी.

दुसरी सूचना हितसंबंधांविषयी. उद्योगाच्या निधीतून पद निर्माण करण्यास २०२२ च्या तत्त्वांत वाव आहे. काही निर्माते पुढे येतील व त्यांचे स्वागतच आहे. मात्र निधी देणाऱ्याने विषय ठरवू नये, परीक्षक सुचवू नये, वर्गात स्वतःच्या उत्पादनाचे नाव घेऊ नये. ग्रंथोक्त कल्प सर्वांचे आहेत, ते मोकळेपणाने शिकवावेत. स्वामित्वाच्या योगांची कृती सांगावयाची नसेल तर तसे आरंभीच सांगावे, अर्धवट सांगून विद्यार्थ्यास संभ्रमात टाकू नये. शोधप्रबंधासाठी औषध पुरविले असल्यास तो उल्लेख प्रबंधात यावा. निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो छापला जाईल, हे आधीच मान्य करावे.

मूळ दुखणे

आता पहिल्या निमंत्रणाकडे वळू. कागदोपत्री अध्यापक हे आपल्या शिक्षणाचे जुने दुखणे आहे व ते आपल्या सहभागाशिवाय टिकले नसते. ज्या वैद्याचे नाव यादीत आहे व जो वर्गात नाही, त्याच्या जागी कोणीही नेमला जात नाही, कारण कागदावर जागा भरलेली असते. त्या विभागात शिकणारी मुले पाच वर्षांनी आपल्याच गावात दवाखाना थाटतात. त्यांच्या हातून बस्ती चुकला, मात्रा चुकली, रुग्ण वेळेवर पुढे पाठविला गेला नाही, तर लोक महाविद्यालयाचे नाव घेत नाहीत. ते 'आयुर्वेदाने नुकसान केले' असे म्हणतात. त्या वाक्याची झळ आपणा प्रत्येकास लागते.

शिवाय व्यक्तिगत धोकाही आहेच. स्वतःचा दवाखाना सकाळ-संध्याकाळ चालविणाऱ्या वैद्याने पूर्णवेळ अध्यापक असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करणे म्हणजे असत्य विधानावर सही करणे होय. राज्य नोंदवहीतील आपली नोंदणी ही आयुष्यभराची मिळकत आहे, ती दरमहाच्या काही हजारांसाठी गहाण ठेवू नये. आम्हांस भीती अशी वाटते की, तपासणी कडक होत जाईल तसतसे हेच जुने काम 'अभ्यागत', 'संलग्न', 'प्रॅक्टिस' अशा नव्या नावांनी सुरू होईल. नाव बदलल्याने द्रव्य बदलत नाही, हे द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यास तरी सांगावयास नको.

स्वीकारण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

निमंत्रण आल्यास पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१) पदाचे नेमके नाव काय व ते कोणत्या अधिनियमाखाली वा कोणत्या मंडळाच्या ठरावाने दिले जात आहे?

२) नियुक्ती मंजूर पदांव्यतिरिक्त आहे काय? आपले नाव नियमित अध्यापकांच्या यादीत कोठेही दाखविले जाणार नाही, असे संस्था लिहून देईल काय?

३) विषय, वर्ग, तासांची संख्या व वेळापत्रक कोणते?

४) मुदत कधी संपते? मुदतवाढ कोणत्या आधारावर मिळेल?

५) मानधन किती, ते कोणत्या मार्गाने मिळेल व प्रवासखर्च कोण देईल? मानद नियुक्ती असल्यास तसा स्पष्ट उल्लेख आहे काय?

६) सोबत काम करणारा नियमित अध्यापक कोण? आपल्या अनुपस्थितीत विषय कोण पुढे नेईल?

७) आपले अनुभव, रुग्णनोंदी व योग यांचा वापर संशोधनात झाल्यास श्रेय कोणाचे? रुग्णांची ओळख गुप्त राहील याची व्यवस्था काय?

ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, त्या संस्थेचे उत्तर त्या रागातच मिळते. जी संस्था आनंदाने उत्तर देते, तिच्यासाठी मानधनाची घासाघीस करू नये, असे आमचे नम्र मत आहे.

संघटनेकडून याविषयी एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या सभासदांपैकी कोण काय शिकवू शकतो याची सूची करावी : पंचकर्मातील अमुक कर्म, अग्निकर्म, क्षारसूत्र, नाडी, भस्मनिर्मिती, द्रव्यपरीक्षा. नावापुढे अनुभवाची वर्षे व देता येण्याजोगे तास लिहावेत. ही सूची महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे पाठवावी. निमंत्रण येण्याची वाट पाहत बसल्यास ज्यांना आपले केवळ नाव हवे आहे तेच प्रथम येतात. आपण होऊन काम देऊ केले, तर ज्यांना काम हवे आहे त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

स्नेहकल्पनेची ती सहा प्रात्यक्षिके संपली त्या दिवशी एका विद्यार्थिनीने स्वतः सिद्ध केलेल्या तेलाची लहान बाटली आम्हांस दिली. तिच्यावर तिने पाकाचा प्रकार, दिनांक व स्वतःचे नाव लिहिले होते. पाक किंचित खर झाला होता व तसे तिने चिठ्ठीवर प्रामाणिकपणे नमूद केले होते. ती बाटली आमच्या दवाखान्यात आजही आहे. अभ्यागत वैद्याने मागे काय ठेवावे, असे कोणी विचारल्यास आम्ही ती चिठ्ठी दाखवितो.